चांगुणाबायची उघाडी

चांगुणाबाय माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आली ती भर दुपारी, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन. पनवेलच्या बाजारामागच्या गल्लीत माझा जनावरांचा दवाखाना आहे. नव्या टॉवरांतली कुत्री-मांजरं आणि जुन्या मोहल्ल्यातल्या बकऱ्या हेच माझे पेशंट. बाकावर एक गृहस्थ लॅब्रेडॉर घेऊन बसले होते, शेजारी पर्शियन मांजरीची मालकीण. चांगुणाबायबरोबर एक भपकारा आत आला आणि मांजरवाल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला.

"नाक कनाला धरतंस गो? मी आंघोल करून आयलंय. वास ह्याचा हाय," असं म्हणत तिनं पाटी जमिनीवर उतरवली आणि वरचं गोणपाट दूर केलं.

पाटीत फ्लेमिंगो होता. लांब मान दुमडून ठेवलेली, गुलाबी पिसांवर रक्त आणि चिखल वाळून काळा पडलेला. भराव टाकून अडवलेल्या कुठल्याशा प्लॉटच्या काटेरी तारेत तो अडकला होता आणि सुटायच्या धडपडीत त्यानं स्वतःचेच दोन्ही पंख पिळून मोडले होते. डाव्या खांद्याचं हाड कातडीबाहेर आलं होतं. त्या भोकात अळ्या वळवळत होत्या. मी त्याला टेबलावर घेतलं.

"जगंल का?" तिनं विचारलं.

"कठीण आहे."

"कठीन म्हंजे काय? हौ का नाय?"

"नाही जगणार. फार तर दोन दिवस काढेल."

"तडफडत?"

"दुखणं कमी करायचं इंजेक्शन देता येईल. मग फॉरेस्टवाल्यांना फोन करून, त्यांची परवानगी घेऊन..."

माझं वाक्य पुरं झालंच नाही. तिनं डाव्या हातानं पक्ष्याची मान धरली, उजव्या हातानं डोकं, आणि ओलं फडकं पिळावं तसा एकच पीळ दिला. आवाज आला. लॅब्रेडॉर बाकाखाली शिरला. पक्ष्याचे ते लांबलचक पाय टेबलाच्या कडेवर दोनतीनदा आपटले आणि थांबले.

मी ओरडले. हे पाखरू कायद्यानं राखलेलं आहे, त्याला मारणं गुन्हा आहे, तुम्हाला अटक होऊ शकते, असं काय काय बोलले. तिनं हात पदराला पुसले.

"मंग फोन कर त्यास्नी. मी बसतंय इकरं."

आणि ती खरोखर बसली. संध्याकाळी वनरक्षक आला तोवर जागची हलली नाही. मध्येच मला म्हणाली, "तू इस्माइलशेठ दोरीवाल्यांची पोर ना? जाल्याचा सूत तुज्या बापाशीकरसून नेयाचू आमी. माप कवा मारला नाय त्येनं. म्हनून तुज्याकरं आयलंय." अब्बांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांची ओळख माझ्या पदवीपेक्षा पक्की निघाली.

वनरक्षक बिचारा दमलेला होता. त्यानं कागदावर 'जखमांमुळे मृत्यू' असं लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"मी मारला त्या लिव," चांगुणाबाय म्हणाली.

"मावशी, जाऊ द्या ना. कशाला डोक्याला ताप?"

"खोटा कनाला लिवतंस? तारंनं त्याला मोरला, आनी मी मारला. दोनी लिव."

त्यानं लिहिलं नाही. ती त्याला शिव्या देत पायऱ्या उतरून गेली, रिकामी पाटी काखेत मारून.

तिचं गाव पनवेलहून उरणकडे जाताना खाडीच्या काठाला आहे. गावामागे मोठं खाजण होतं, म्हणजे भरतीच्या पाण्यानं भरणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची दलदल, कडेनं तिवरांचं रान. त्या चिखलात मांडीपर्यंत रुतून ती निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे, आणि चिंबोऱ्या धरी. दंड पुरुषासारखे, पाठ रुंद, नऊवारी लुगडं गुडघ्याच्या वर खोवलेलं आणि कमरेला मागच्या बाजूला कोयता. नवरा न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरखाली गेला होता. त्याबद्दल ती एवढंच सांगे, "सायकल राहिली, तो नाय राहिला." एक मुलगा, जयेश. त्याचे दोन डंपर होते.

तिला कुणी पक्षीप्रेमी म्हटलेलं खपत नसे. एकदा शाळेतल्या मुलांपुढे तिची तशी ओळख करून दिली, तर भर वर्गात म्हणाली, "मना पाखरांचा काय प्रेम नाय. मी कवा कवा खाल्लीत बी. पन पाखरां बसली म्हंजे समजायचा, चिखल जिता हाय. चिखल जिता तर निवटी हाय, निवटी हाय तर मी हाय." नंतर मी पाणथळींबद्दल कितीतरी भाषणं ऐकली, एक-दोन स्वतःही दिली. त्यापुढे कुणी गेलं नाही.

पक्ष्यांना तिची स्वतःची नावं होती. फ्लेमिंगोला ती लाललुगडी म्हणे, शेकाट्याला काटकीपाय. थापट्या बदकांना 'चमचंवाली'. खाजणात पाऊल ठेवण्याआधी नुसत्या आवाजावरून आज कोण कोण उतरलंय ते सांगायची. आणि ती त्यांच्याशी बारीक कोळंबीवरून भांडायची. "सगला कोलीम तुमीच खाल्लाव, मना काय ठेवलाव?" असं ओरडत जायची, आणि पाखरं तिच्या अंगावरच्या लुगड्याला इतकी सरावलेली की दोन पावलं सरकून पुन्हा चोच चिखलात घालायची.

पण तिला मऊ रंगात रंगवण्यात अर्थ नाही. मी तिला भीत असे. तिचा हात बोलण्याआधी उठायचा.

एका सकाळी दवाखाना उघडते तोच बाहेर एक पांढरी गाडी करकचून थांबली. चालवणाऱ्या तरुणाच्या गळ्यात महागडा कॅमेरा, उजव्या कानावर गच्च दाबलेला टॉवेल, आणि टॉवेल लालभडक. शेजारच्या सीटवर, चिखलानं माखलेल्या पायांसकट, चांगुणाबाय.

"ह्याचा कान शिव," ती म्हणाली.

"मी माणसांची डॉक्टर नाही!"

"कान कानच हाय."

झालं होतं असं, की बसलेल्या थव्याचा उडतानाचा फोटो हवा म्हणून त्यानं पाण्यात धोंडा मारला. थवा उडाला. फोटो मिळाला. तो कॅमेऱ्यात बघत असताना चांगुणाबायनं दुसरा धोंडा उचलला. कानाची पाळी उभी फाटली होती आणि मागची कातडी कवटीपासून सुटली होती. मी जखम धुऊन घट्ट बांधली आणि त्याला माणसांच्या हॉस्पिटलात धाडलं. निघताना तो म्हणाला, "मी पोलिसांत जाणार आहे."

"जा की. पन पुरा सांग. मी धोंडा मारला, मंग बायनं मना धोंडा मारला. अर्धा सांगशील तं दुसरा कान हाय अजून."

तो गेल्यावर मी तिला बरंच सुनावलं. डोळा गेला असता म्हटलं. ती शांतपणे माझ्या नळावर पाय धूत होती.

"डोल्यावरच मारलेला. वारा आरवा आला."

ह्यात विनोद आहे असं मला त्या दिवशी वाटलं नव्हतं, आजही पुरतं वाटत नाही.

दुसरी गोष्ट तिनंच मला सांगितली. खाजणाच्या कडेला तिला नायलॉनचे फासे लावलेले सापडले. तीन चिखल्या पाखरं पाय कापून मेलेली, एक जिवंत, स्वतःचाच पाय चोचीनं तोडत बसलेलं. जवळच बुधा नावाचा म्हातारा कातकरी सुकी लाकडं गोळा करत होता. तिनं काही विचारलं नाही. त्याच्याच मोळीतला दांडका काढला आणि त्याला झोडपला. तो हातानं डोकं झाकत राहिला, एका हाताचं बोट मोडलं. पुढे दोन दिवसांनी फासे लावणारा सापडला, तो तिच्याच गावातला होता, ढाब्यांना पाखरं पुरवणारा.

"मंग?" मी विचारलं.

"मंग त्याला बी मारला."

"आणि बुधाचं काय?"

"मी गेले त्याच्या वारीवर, झोपरीत. दांडका घेवून गेले. त्याच्या हातात दिला, बोलले, मार."

मला वाटलं, म्हातारा म्हणाला असेल, जा बाय घरी.

"मारला त्येनं," ती म्हणाली. "मोरल्या हातानं धरता येयना, मंग दुसऱ्या हातानं मारला. इकरं." तिनं खांद्यावरचा पदर सरकवून दाखवला. निळाजांभळा वळ खांद्यापासून पाठीत उतरला होता. "लय जोरात मारला. बरा केला." मग दोघांनी तिथेच बसून तंबाखू मळली म्हणे. मी त्या वळाला मलम लावलं. तिनं लावू दिलं, एवढंच.

त्या वर्षी थंडी सरता सरता खाजणाचं तोंड बंद झालं.

खाजणाच्या बांधात जुनी दोन दगडी तोंडं होती, त्यांना गावात उघाडी म्हणत. भरतीचं पाणी तिथून आत यायचं, ओहोटीला बाहेर जायचं. कुठल्याशा प्रकल्पासाठी शेजारची जमीन भरायचं काम एका ठेकेदाराला मिळालं आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा त्याच्याकडे लागलेल्या डंपरांनी त्या तोंडांवरच आणून टाकला. चार दिवसांत उघाडी दिसेनाशी झाली. आतलं पाणी आधी हिरवं झालं, मग तपकिरी. मासे पोट वर करून तरंगायला लागले. रस्त्यावरची कुत्री टोळीनं खाजणात उतरली आणि अशक्त झालेल्या पाखरांना जिवंतपणी फाडू लागली.

चांगुणाबाय माझ्याकडे गोणी घेऊन आली. गोणीत बदकं होती, जिवंत, पण एकाचीही मान उभी राहत नव्हती. सडलेल्या पाण्यात एक विष तयार होतं. त्यानं पाखराच्या अंगातली ताकद जाते, पंख लुळे पडतात, मग मान. शेवटी ते बोटभर पाण्यात तोंड बुडवून मरतं, डोकं उचलता येत नाही म्हणून. मी नळीनं एकेकाच्या पोटात स्वच्छ पाणी सोडत राहिले, ती एकेकाची मान तळहातावर धरून बसली. पाच वाचली. बाकीच्यांचं तिनं काय केलं ते मी पाहिलं नाही, मागच्या मोरीतून फक्त आवाज ऐकले.

आम्ही दोघी मिळून एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी नकाशा पसरला आणि तिथे पाणथळ अशी नाहीच, मोकळी जमीन आहे, असं समजावलं. चांगुणाबायनं गोणीतून मेलेलं बदक काढून नकाशावर ठेवलं. त्याची मान टेबलावरून खाली लोंबली.

"ह्यो ह्या जमिनीत बुडून मेला. कसा मेला त्या सांगा."

साहेबांनी शिपायाला हाक मारली. तिनं टेबलावरचा पेपरवेट उचलून खिडकीची काच फोडली. आम्हाला बाहेर काढण्यात आलं.

रस्त्यावर आल्यावर मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडतंस कनाला? फावरा हाय ना."

त्यानंतरच्या मोठ्या भरतीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, ती आणि गावातल्या पाच बायका फावडी-टिकाव घेऊन भरावावर चढल्या. मी पाण्याचे नमुने घ्यायला गेले होते, बांधावर उभी होते. दोन तासांत त्यांनी राडारोड्यात छातीएवढा चर खणला. तळाशी उघाडीचा पहिला दगड लागला तेव्हा बायका ओरडल्या. पलीकडे खाडी भरत चालली होती. आणखी हातभर खणलं असतं तर पाणी आत आलं असतं.

तेवढ्यात डंपर आला. चालवणारा जयेश होता.

तो खाली उतरला. तिशीचा, देखणा, आईसारखेच दंड. मी त्याला दोनदा भेटले होते. आईला दवाखान्यात सोडायला यायचा, माझ्याशी अदबीनं बोलायचा. त्या दिवशी त्याचा चेहरा पांढरा होता.

"आये, भायेर नीग."

"तू गारी मागं घे."

"शेठनी मना पाठवलाय. उघाडी बुजव नायतर काम सोर बोलला. आये, माज्या पोटावर कनाला पाय देतंस?"

"तुज्या पोटात निवटी मीच घातली ना रे? ह्याच चिखलातली."

"त्या गेला आता! समदा गेला! तुना दिसत नाय?"

"मना दिसतंय. म्हनूनच खनतंय."

बाकीच्या बायका कडेला झाल्या होत्या. चांगुणाबाय चरात उतरली आणि तळाच्या दगडावर मांडी घालून बसली. जयेश आईकडे बघत राहिला. मग गाडीत चढला. डंपर उलटा घेत घेत चराच्या तोंडाशी आला. मला वाटलं, घाबरवतोय. त्यालाही तसंच वाटत असावं. आई उठेल, असं त्यानं धरलं होतं. पुढे त्यानं हेच सांगितलं आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवते. मी मोबाइल काढून चित्रण सुरू केलं होतं. माझ्या हातून झालं ते एवढंच.

डंपरचा हौदा वर उचलला गेला. ती उठली नाही.

लाद्या, विटा, सळयांसकट सिमेंटचे तुकडे, कुणाच्या तरी संडासाचं भांडं, असं सगळं एकदम कोसळलं. धूळ उठली. धुळीत एक किंकाळी होती. ती तिची नव्हती, जयेशची होती. तो गाडीतून उडी टाकून चरात उतरला आणि हातांनी उपसायला लागला. बायका उतरल्या, मीही उतरले. त्याची नखं उलटली तरी तो थांबेना. आधी तिचा हात सापडला, मग तोंड. तोंडात माती होती. ती थुंकली आणि पहिली गोष्ट बोलली ती त्याला शिवी होती. डाव्या पायावर तुळईचा तुकडा आडवा पडला होता. तो उचलला तेव्हा पोटरी नव्हतीच, नुसता लगदा होता आणि त्यातून रक्त पिचकाऱ्या मारत होतं. मी ओढणी काढून गुडघ्याखाली आवळली. जनावरांना आवळतात तशी, अंगातली सगळी ताकद लावून. तिनं माझ्या दंडाला दात लावले. त्याची खूण अजून आहे.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी पनवेलच्या हॉस्पिटलात हवालदार जबाब घ्यायला आला. त्याच्याआधी जिन्यात मला जयेशची बायको सुगंधा भेटली होती. तिनं माझे पाय धरले. "डाक्तरबाय, त्या मोबाइलमधला पुसून टाका. आयेंनी बोलला की पाय घसरला तं समदा मिटंल." तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती. मी फोन हातात घेऊन कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले. खरं सांगते, पुसणारच होते. मग वाटलं, पाय माझा गेला नाही, ठरवणारी मी कोण? मी वर जाऊन चांगुणाबायला सगळं सांगितलं.

"दाव त्याला," ती म्हणाली.

"जयेश आत जाईल."

"मना माहीत हाय कोन जाईल त्या. दाव."

हवालदारानं चित्रण पाहिलं आणि विचारलं, "मावशी, गाडी कोण चालवत होतं?"

"माजा पोर. जयेश." तिनं त्याच्या बापाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. सुगंधा दारात उभी होती. ती भिंतीला धरून खाली बसली.

हवालदारानं लिहून घेतलं आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा उघडला.

"थांब. आता दुसरा नाव लिव." तिनं ठेकेदाराचं नाव घेतलं. मी ते इथे लिहीत नाही, तिनं मात्र वॉर्डभर ऐकू जाईल असं घेतलं. "माज्या पोरानं हौदा उचलला. उचलायला सांगितला ह्येनं."

"ते तुम्ही ऐकलं का? म्हणजे तसं मला लिहिता..."

स्टीलचा पाण्याचा तांब्या हवालदाराच्या कपाळावर बसला. भुवई फुटली. तिचा सलाईनचा हात होता तो, सुई निघून रक्ताची धार चादरीवर लागली. "पोर माजा हाय म्हनून त्याचा लिवतंस, आनी शेठ तुजा हाय म्हनून त्याचा नाय? दोनी लिव. नायतर अंगठा कापून ने."

नर्सेस धावल्या. हवालदार कपाळाला कापूस लावून बराच वेळ खुर्चीवर बसून होता. साठीकडे झुकलेला माणूस, तोही खाडीकाठच्याच कुठल्या गावचा असावा. शेवटी त्यानं पॅड मांडीवर घेतलं, दुसरं नाव लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं अंगठा दिला. कपाळाबद्दल त्यानं कुठेही काही नोंदवलं नाही.

तो गेल्यावर तिनं तोंड भिंतीकडे केलं. पाठ हलत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "जा. सुगंधाला बग. तिला काय खायाला घाल."

आईनंच पोराचं नाव घेतल्यावर हे प्रकरण कुणाला बनाव म्हणता येईना. वरून चौकशी आली, माणसं आली, मोजमापं झाली. भराव हटवायचा हुकूम निघाला आणि निम्मा भराव हटलाही. उघाडीच्या दोन तोंडांपैकी एक मोकळं झालं. ठेकेदार लगेच जामिनावर सुटला. जयेश पुढचा पावसाळा संपेपर्यंत आत होता. गावातल्या निम्म्या घरांनी चांगुणाबायशी बोलणं टाकलं, कारण निम्म्या घरांचे डंपर होते.

जयेश सुटून आला त्या दिवसाची हकिकत मला सुगंधानं सांगितली. तो अंगणात आला. चांगुणाबाय ओटीवर बसली होती. ती कुबडी घेऊन उठली, पायऱ्या उतरली आणि तीच कुबडी त्याच्या पाठीत घातली. मग दुसऱ्यांदा. तो अंगणातल्या खांबाला धरून उभा राहिला, हललाही नाही, हात आडवा केला नाही. ती एका पायावर तोल सांभाळत मारत राहिली आणि शेवटी तोल जाऊन त्याच्याच अंगावर पडली. त्यानं तिला उचलून ओटीवर आणून बसवलं. "भात वार त्याला," ती सुनेला म्हणाली. दुसऱ्या दिवशी जयेशनं दोन्ही डंपर गावाबाहेर नेऊन विकून टाकले. आता तो बंदरात क्रेनवर आहे.

गेल्या पावसाळ्यात चांगुणाबाय गेली. लेप्टोचा ताप आला आणि चार दिवसांत संपलं. मी तेव्हा बहिणीकडे दुबईला होते. जयेशचा फोन आला. "आये गेली," एवढंच तो बोलला.

मी तिला शेवटची पाहिली ती त्याआधीच्या माघात. जयेशनं तिला एक फळी बनवून दिली होती, पुढचं टोक वर वळवलेली, चिखलावरून घसरणारी. फळीवर एक गुडघा टेकायचा आणि दुसऱ्या पायानं चिखल मागे रेटायचा. कापलेल्या पायाचा गुडघा त्या फळीवर नेमका बसत होता. जमिनीवर कुबड्या घेऊन घामाघूम होणारी ही बाई चिखलात उतरली की कुणाला हार जात नव्हती.

ओहोटी लागली होती. मोकळ्या झालेल्या एका तोंडातून पाणी जोरात बाहेर ओढलं जात होतं. पूर्वीच्या मानानं पाखरं थोडी होती, पण होती. काटकीपाय होते, दूर पाण्याच्या कडेला लाललुगड्यांची एक बारीक ओळ होती. मी बांधावरून हाक मारणार, तेवढ्यात रस्त्याकडून चार कुत्री खाजणात उतरली. चांगुणाबायनं फळी वळवली. एवढ्या वेगानं ती येईल असं कुत्र्यांना वाटलं नसावं. पुढच्याच्या बरगड्यांवर तिची काठी बसली तो आवाज माझ्यापर्यंत आला. ते केकाटत चिखलात लोळलं आणि तीन पायांवर रस्त्याकडे पळालं. बाकीची त्याच्यामागे.

तिच्यापासून दोन हातांवर शेकाटे उभे होते. त्यांतला एकही उडाला नाही.

मग तिला मी दिसले. ती काहीतरी ओरडली. वाऱ्यानं शब्द नेले, पण सूर शिवीचा होता. मी हात हलवला. तिनं हलवला नाही. तिच्या एका हातात काठी होती, दुसरा कोपरापर्यंत चिखलात होता.